दिवाळीची पोस्त: कामाचा मोबदला की आपली मर्जी? (सांगली-मिरज)

हिशेबवही (धागाकर्ता)

नवरात्र सरलं की प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, "मावशींना किती देताय?" ज्याने सगळ्यात कमी आकडा टाकला त्याचाच मग दर होऊन बसतो. म्हणून आधी मुद्द्याचं बोलू. घरकामाच्या बाईला पोस्त, म्हणजे दिवाळीला पगारावर वरून द्यायची रक्कम, एका महिन्याच्या पूर्ण पगाराएवढी द्यावी, रोख द्यावी आणि वसुबारसेच्या आधी द्यावी. यात मेहेरबानी कसली? बारा महिन्यांच्या कामावर एक महिना म्हणजे 8.33 टक्के. 1965 च्या बोनस कायद्याने कारखान्यातल्या माणसाला किमान इतकाच बोनस ठरवून दिला होता. त्या कायद्याला एका ठिकाणी 20 माणसं कामाला लागत आणि आपल्याकडे एकच बाई येते, म्हणून ती बाहेर राहिली. 2008 चा घरेलू कामगार मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांसाठी. पोस्त आपल्यावरच सोडलेली आहे.

भांडी आणि केर-फरशीचे मिळून 1,800 देत असाल तर पोस्तही 1,800. बाई एप्रिलपासून लागली असेल तर ऑक्टोबरअखेर सात महिने भरतात, 1,800 गुणिले 7 भागिले 12, म्हणजे 1,050. आणि एक हात जोडून सांगणं: उन्हाळ्यात दिलेली उचल पोस्तीतून वळती करू नका. उचल पगारातून दोन-दोनशेनं फेडून घ्या. सणाच्या तोंडावर पाकिटात शंभरची नोट आणि वर "बाकीचे उचलीत धरले", असं ऐकायला कुणाला आवडेल?

घाटमाथा

आकडेमोड बरोबर, मूळ मुद्दा पटत नाही. पोस्त ही खुशी आहे. तिला तुम्ही बोनस म्हणालात की लोक बोनसाच्या पळवाटाही शोधतात. गणपती झाले की बाई सुट्टीवर आणि तुळशीचं लग्न उरकलं की नवी बाई, असं करणारी घरं सगळ्यांना माहीत आहेत. दुसरं म्हणजे वर्षाला 1,800 द्यायचेच असतील तर महिन्याला 150 ची वाढ द्या, रक्कम तेवढीच होते. जी घरं थाटात पोस्त देतात तीच तीन-तीन वर्षं पगार वाढवत नाहीत, आणि "दिवाळीला दिलं की" हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं.

हिशेबवही

पगार वाढवावा, दुमत नाहीच. पण 150 रुपये महिन्याच्या किराण्यात कुठे जिरतात ते कळतही नाही. पोस्त एकरकमी येते म्हणून त्यातून पोरांचे कपडे होतात, भिशीचा अडलेला हप्ता भरला जातो. चार घरी काम करणाऱ्या बाईच्या हातात चार पोस्ती एका आठवड्यात पडतात. अशी रक्कम वर्षात दुसऱ्यांदा येत नाही.

खणभागकर

साडी देण्याबद्दल कुणी बोलंनाच. चार घरच्या चार साड्या येत्यात, चारी सिंथेटिक, चारी त्याच दुकानाच्या सेलातल्या. त्यात मावशी नऊवारी नेसणाऱ्या असल्या तर पाचवारी त्यांच्या काय कामाची? द्यायचीच हौस असली तर आधी इचारा, न्हाईतर पैसे द्या. साडी पोस्तीच्या वर द्यायची असती, पोस्तीच्या बदली न्हवं.

फराळप्रेमी

फराळाचंही तेच. भाऊबीज उरकल्यावर डब्याच्या तळाशी राहिलेल्या सादळलेल्या चकल्या म्हणजे फराळ नव्हे. पहिल्या घाण्यातलं द्या. ओल्या नारळाच्या करंज्या देऊ नका, दोन-तीन दिवसांत आंबतात आणि त्यांच्या घरी आधीच चार घरचं येऊन पडलेलं असतं. पाकातले रव्याचे लाडू, चिवडा, शंकरपाळे टिकतात. अर्धा किलो चिवडा आणि पाव किलो लाडू पुरे. परत न मागायच्या डब्यातून द्या. स्टीलचा डबा दिला की तो रिकामा परत कसा न्यायचा, याचंच त्या बाईला ओझं होतं.

घाटमाथा

बरं, बाईचं सोडा. पोस्टमन, घंटागाडी, लाईनमन यांचं काय? तिथेही पगाराच्या प्रमाणात का?

नियमावली

तिथे पैसे द्यायचेच नाहीत. पोस्टमन केंद्र सरकारचा नोकर, त्याला 1964 चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि खात्याकडून उत्पादकतेशी जोडलेला बोनस त्याला वेगळा मिळतो. महापालिकेचे कायम कर्मचारी सानुग्रह अनुदान घेतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गैरवाजवी लाभ देणाराही सापडू शकतो. आज पोस्त, उद्या "साहेब, आमच्या पाण्याच्या वेळेचं बघा", आणि परवा ज्यानं दिलं नाही त्याची तक्रार तशीच पडून.

पण त्याच 1964 च्या नियमांत सहज घडलेलं जेवण किंवा साधा पाहुणचार भेटवस्तूत धरलेला नाही. दारात आलेल्या पोस्टमनला बसवून चहा-फराळ द्यायला कुठलाच नियम आड येत नाही. बशी द्या, पाकीट नको.

खणभागकर

घंटागाडीवरची बरीच पोरं ठेकेदाराची असत्यात, त्यांना कुठलं आलंय सानुग्रह? आन दिलं तर नीट द्या. गल्लीतले धा जण मिळून डायवरच्या हातात हजार ठेवत्यात, मागं कचरा उचलणाऱ्या दोघांना त्यातलं किती पोचतंय ते देवाला ठावं. गाडी थांबली की तिघांच्या हातात तीन पाकिटं, तिघांच्या समोर.

नियमावली

ठेकेदाराच्या कामगाराचा बोनस ठेकेदारानं द्यायचा असतो, तो त्याच्याकडेच मागायला हवा. तुम्ही खिशातून भरलंत की तो सुटला. तुमच्या पाकिटाचा राग नाही, त्याच्या सुटकेचा आहे.

सिलिंडरवाल्याचंही सांगतो, त्यावर दरवर्षी वाद होतो. पावतीच्या रकमेत घरपोच करण्याचा खर्च धरलेला असतो. गोडाऊनवरून स्वतः उचलला तर तेवढी रक्कम कमी होते. म्हणजे एरवीचे वीस-तीस देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. दिवाळीला पन्नास-शंभर द्यावेसे वाटले तर जरूर द्या, पण वजन करून झाल्यावर. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. ते 15.8 असेल तर त्यात 14.2 मिळवून काटा 30 किलोला यायला हवा. पोस्त दिली म्हणून काटा मागायला संकोच वाटत असेल तर ती पोस्त फारच महागात पडली म्हणायची.

विश्रामबाग_खजिनदार

सोसायटीच्या वॉचमनचा हिशेब कुणीच मांडला नाही. आधी एजन्सीचं बिल बारकाईनं वाचा. बहुतेक बिलांत बेसिक, पीएफ 13 टक्के, ईएसआय 3.25 टक्के यांच्याखाली बोनस 8.33 टक्के अशी एक ओळ असते. म्हणजे सोसायटी बोनस दर महिन्याला भरते आहे! तो वॉचमनपर्यंत पोचतो का, हे दिवाळीआधी त्याच्या पगारचिठ्ठीवर बघा. नसेल पोचत तर पोस्त गोळा करण्याआधी एजन्सीला पत्र द्या.

आता वर्गणी. 24 फ्लॅट, प्रत्येकी 400 धरले तर 9,600 होतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या वॉचमनला 3,500-3,500, जिना-पार्किंग झाडणाऱ्याला 2,000, उरलेले 600 रिलीव्हरला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली वॉचमनला. रिलीव्हर हमखास विसरला जातो, कारण तो आठवड्यातून एकदाच दिसतो. प्रत्यक्षात पाच फ्लॅट बंद असतात, पोरं पुण्याला. 19 जणांचे 7,600 होतात आणि 2,000 चा खड्डा पडतो. म्हणून सुरुवातीलाच 500 ठरवा, 9,500 जमतील, शंभर रुपये कुणीही घालतं. रक्कम वहीत लिहा, घेणाऱ्याची सही घ्या. कुणी किती दिले ती यादी मात्र नोटीस बोर्डावर लावू नका. वॉचमनला ती रोज दिसते, मग गेट कुणासाठी धावत उघडायचं आणि कुणासाठी रमतगमत, ते तोही शिकतो.

अजून एक. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशाऱ्यावर गेलं की नदीकाठच्या इमारतींत वॉचमनच मोटर उचलून ठेवतो, गाड्या हलवायला घरोघरी उठवतो. त्या रात्रीचे पैसे त्याच आठवड्यात द्या. "दिवाळीला बघू" म्हणून पोस्तीत ढकलू नका.

घाटमाथा

एजन्सीच्या बिलाची ओळ माहीत नव्हती, मान्य. तरी वसुबारसेचा आग्रह कशाला? पाडव्याला दिलं तर काय बिघडलं? लक्ष्मीपूजनाला घरातून पैसा बाहेर काढत नाहीत, ही रीत तर तुम्हीही पाळत असाल.

हिशेबवही

पाळा की. म्हणूनच तर आधी द्या. बाजार लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रविवारी असतो. मारुती रोडला पाय ठेवायला जागा नसते तेव्हा तिच्या हातात पैसे हवेत. पाडव्याला दिलेल्या पैशांतून फराळाचं तेल-साखर घ्यायची वेळ निघून गेलेली असते, मग ते उधारी फेडण्यात जातात.

पैसे फोनवर पाठवत असाल तर आधी विचारा, नंबर कुणाचा? बऱ्याचदा तो नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. तिच्याच खात्यात टाकले तरी तिथून कर्जाचा हप्ता आपोआप कापला जात असेल तर सकाळी टाकलेले 1,800 दुपारी 400 दिसतात. पाचशेच्या नोटा देऊ नका, भाजीवाल्याकडे सुट्टे होत नाहीत. शंभराच्या अठरा नोटा, घडी न घालता पाकिटात. आणि ते पगाराच्या पाकिटापासून वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात "तुम्हाला आगाऊ दिलं होतं ना?" यावरून दोघींची जुंपते.

खणभागकर

पाकिटात एक रुपयाचं नाणं टाकाया इसरू नगा.