ट्रेलर बघून तुम्ही काय ठरवता? खान्देशी मंडळींचा अनुभव धागा

आमच्या घरात ट्रेलर लागला की 'हिरो कोण?' हा प्रश्न मागून येतो. आधी विचारतात, 'सगळ्यांनी मिळून बघण्याजोगा आहे का?' म्हणजे पिच्चर कुठल्या प्रकारचा हे आधी कळायला हवं, मग बाकीचं. दोन-अडीच मिनिटांत ते तुम्हाला कशावरून कळतं? गाण्यावरून, आवाजावरून, अक्षरांच्या रंगावरून, की नुसत्या अंदाजावर? ट्रेलरने सांगितलं एक आणि निघालं भलतंच, असं झालं असेल तर तेही येऊ द्या. जळगाव, धुळे, नंदुरबारकरांना खास आमंत्रण. मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडतं, पण पिच्चरच्या विषयात मालेगावकरांना बाहेर ठेवायची आपली छाती नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आमच्या लहानपणी ट्रेलर म्हणजे रिक्षा. शुक्रवारी पिच्चर बदलला की दोन भोंगे लावलेली, दोन्ही बाजूंना पोस्टरच्या फळ्या बांधलेली रिक्षा गल्लीत शिरायची आणि मागे आम्ही पोरं गुलाबी-पिवळी पत्रकं गोळा करत पळायचो. भोंग्यावरचा माणूस कथा कधीच सांगायचा नाही. 'मारधाड से भरपूर', 'संगीतमय', 'सहकुटुंब सहपरिवार पाहा', एवढ्यात काम भागायचं. शिवाय आवाज बदलायचा. मारधाड असली की घशातून खरवडून, पौराणिक असला की कीर्तनात लांबवतात तसं लांबवून. 'सहकुटुंब' कानावर पडलं की आई शेंगदाणे भाजायला घ्यायची, 'मारधाड' ऐकलं की बाबा एकटेच रात्रीच्या खेळाला.

शंका राहिलीच तर थेटराबाहेरच्या काचेच्या पेटीतले फोटो होते. जीप, आग, पिस्तूल म्हणजे एक जात. देव्हारा, पाळणा, पदर डोळ्यांना म्हणजे दुसरी. आताचे ट्रेलर मला त्या पेटीहून फार वेगळं काही करताना दिसत नाहीत, फक्त हलतात.

जंक्शनवाला, भुसावळ

वडील थेटरात ऑपरेटर होते. भुसावळ जंक्शन असल्यामुळे सी.पी. बेरार सर्किटच्या, म्हणजे पिच्चर वाटपाच्या आमच्या विभागाच्या, वितरणात गावाला वजन होतं. रिळांच्या पेट्या रेल्वेने यायच्या आणि जायच्या. ट्रेलरचं रीळ वेगळं, लहानसं. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट पळते. अडीच मिनिटांचा ट्रेलर सव्वादोनशे फूट भरायचा.

वडिलांचं एक म्हणणं होतं की ट्रेलर कसा आहे यापेक्षा तो कशाला जोडलाय ते महत्त्वाचं. देमार पिच्चरच्या मध्यंतरानंतर रडका कौटुंबिक ट्रेलर लावला की निम्मं पब्लिक बिडी ओढायला परत बाहेर. पडद्याकडे ते बघायचेच नाहीत. केबिनच्या झरोक्यातून खाली खुर्च्यांकडे बघत उभे. कुठल्या शॉटला शिट्टी आली, कुठे बाया आपसात बोलायला लागल्या, यावरून सोमवारी गर्दी टिकेल की नाही हे सांगायचे. मालकाला ते पटायचं नाही, पण विचारायचा मात्र दर वेळी.

केळीपट्टा, रावेर

मी ट्रेलर बघतच नाही. सगळे विनोद त्यातच संपवून टाकतात. मग तिकीट कशाचं काढायचं?

कटिंगवाला, जळगाव

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. हल्ली लग्नाचाही ट्रेलर लागतो, त्यामुळे इथे लिहायचा हक्क आहे असं समजतो.

एका घरच्या पोराने गंमत म्हणून सांगितलं, 'दादा, हळदीचा व्हिडिओ भुताचा करून दे.' मूळ कामात भडक पिवळा रंग, प्रत्येक कट ढोलाच्या ठोक्यावर. मी रंग खेचून निळसर केला, वेग निम्म्यावर आणला, ढोल काढून नुसती बांगड्यांची किणकिण ठेवली. दोन शॉटच्या मध्ये थोडा काळा पडदा. नवरीची आत्या हळदीचा हात घेऊन कॅमेऱ्याकडे वळून हसते, तो शॉट सर्वांत सावकाश. हसू पूर्ण झालं की सेकंदभर काहीच नाही, आवाजसुद्धा नाही. आणि मग एक दणका. स्वतःला बघून आत्याच किंचाळली. नवीन एकही चौकट शूट केलेली नव्हती.

हे माझं डोकं नव्हे. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट रायांग नावाच्या एडिटरने 'द शायनिंग' या भयपटाचा ट्रेलर बापलेकाच्या गोड, हसऱ्या पिच्चरसारखा कापला होता. दृश्यं त्याच पिच्चरमधली, वर प्रेमळ निवेदन आणि एक उमदं गाणं. तो बघितल्यापासून माझं मत पक्कं झालंय की प्रकार चित्रात कमी असतो आणि आवाजात व कापण्यात जास्त. कॉमेडीत संगीत मध्येच तोडायचं, क्षणभर थांबायचं, मग डायलॉग टाकायचा. थरारपटात घड्याळाची टिकटिक आणि शेवटाकडे कट आखूड होत जातात. प्रेमकथेत गाण्याचा मुखडा अर्धवट सोडायचा. 2010 नंतर मोठ्या इंग्रजी पिच्चरांच्या ट्रेलरमध्ये तो पितळी वाद्यांचा दणदणीत 'भ्रॅऽऽम' शिरला, तो आता आपल्याकडच्या साखरपुड्यालाही मागतात.

फोनमुळे आणखी एक झालं. ट्रेलर सुरू व्हायच्या आधी पाच-सहा सेकंदांत ट्रेलरचाच ट्रेलर असतो. लोक अंगठ्याने पुढे ढकलतात ना, त्यांना अडवायला.

तापीकाठ, शहादा

कटिंगवाल्यांच्या आत्याबाईंना माझा पाठिंबा. मुलीला लहान मुलांचा पिच्चर दाखवायला नेलं, थेटराचं नाव घेत नाही, आणि मध्यंतरात विहिरीतून हात वर येतो असा ट्रेलर. पोरगी पुढचा अर्धा पिच्चर माझ्या ओढणीत. थेटरात लागणाऱ्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, सुरुवातीला ते पडद्यावर झळकतंही, पण वाचायला वेळ कोणाला मिळतो? 2024 च्या नियमांपासून यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या पिच्चरांचे, 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झालेत. आता मी तो आकडाच शोधते. यूट्यूबवरच्या ट्रेलरला मात्र हे बंधन नाही, तिथे आपलं आपणच बघायचं.

गिरणेवरची, भडगाव

'सैराट', एप्रिल 2016. गाणी आधीच वरातीत वाजत होती. आम्ही सासू, नणंदा, मुलं असे सगळे हसत-नाचत गेलो. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. सासूबाई दोन दिवस म्हणत होत्या, 'त्यांनी सांगायला पाहिजे होतं.' मला वाटतं नाही सांगितलं ते बरोबर केलं. शेवट माहीत असता तर सासूबाई आल्याच नसत्या, आणि त्यांनीच तो बघायला हवा होता.

बोरीकाठ, अमळनेर

गिरणाताई, इथे मी सासूबाईंच्या बाजूने. शेवट लपवा हो, पण माणूस कुठल्या तयारीने येतो याचा विचार नको? आमच्या रिक्षावाल्याने 'दर्दभरी प्रेमकहानी' एवढं तरी म्हटलं असतं.

पांझरेकाठी, धुळे

माझी तक्रार वेगळी आहे. मराठी पिच्चर गावाकडचा आहे हे ट्रेलरमध्ये कसं सांगतात? उसाचा फड, ढोलकी आणि कोल्हापुरी-सातारी बोली. पाच सेकंदांत 'ग्रामीण विनोदी' असा शिक्का. एकदा ट्रेलरमध्ये कथा आमच्या भागातली म्हणून सांगितली, मागे केळीची बागही दिसली, आणि पाटलाने तोंड उघडलं तर 'काय रं'! आजी म्हणाली, 'भो, हाई गाव आमनं शे का सांगलीनं?' तिथेच आमचं तिकीट वाचलं. अहिराणीत विनोद चालतो हे फोनवर रोज दिसतंय, खेड्याखेड्यात त्या क्लिपा फिरतात. पण अहिराणी ऐकली की लोक आपोआप हसायच्या तयारीत बसतात, हा दुसरा शिक्का. मला अहिराणीत एक भीतीचा ट्रेलर करून बघायचाय. सातपुड्याचा पायथा, रात्र, आणि आजीचाच आवाज. कटिंगवाले, जमेल का?

कटिंगवाला, जळगाव

जमेल ना भाऊ. आजीला सावकाश बोलायला सांगा आणि मध्ये मध्ये थांबू द्या, त्या थांबण्यावरच सगळं उभं राहील. एकच विनंती, रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. मे महिना असला तरी. ती घरघर मागाहून काही केल्या निघत नाही.