प्रतिसाद: गुलामांच्या पाऊलखुणा

रोमन गुलामांविषयी आपल्याला जे कळतं ते सगळं मालकवर्गाच्या लेखणीतून, असा एक मुद्दा मांडला जातो; तो ग्रंथांपुरता बरोबर आहे. पण थडग्यांचे दगड पाहिले की चित्र जरा गुंतागुंतीचं होतं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्सला १८७८ साली इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली एक स्मृतिशिला सापडली. रेजिना नावाच्या बाईची. बाई ब्रिटनचीच, कॅटुवेलाउनी जमातीची. आधी गुलाम, मग मुक्त आणि पत्नी. तिसाव्या वर्षी वारली. नवरा बाराटेस, थेट सीरियातल्या पाल्मिराचा. मुक्त करणाराही तोच! शिलेवर ती वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसली आहे, मांडीवर सूतकताईची चाती, एका बाजूला लोकरीची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. म्हणजे अगदी खानदानी रोमन गृहिणीचा थाट. चेहरा मात्र फुटलेला.

लॅटिन मजकुराचं व्याकरण गडबडलेलं आहे. त्याखाली पाल्मिराच्या लिपीत एकच ओळ, तीही सफाईने कोरलेली: बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, अरेरे! त्या किनाऱ्यावर ती वाचू शकणारे असे कितीसे असणार? लॅटिन मजकूर जगासाठी, ही ओळ त्याची स्वतःची, असं मला वाटतं.

अर्थात इथेही बोलतोय तो बाराटेसच. पण तोही काही रोमच्या सिनेटातला उमराव नव्हे, घरापासून हजारो मैल दूर आलेला परका माणूस. त्यामुळे ‘मालक विरुद्ध गुलाम’ अशी सरळ फाळणी इथे लागू करताना माझा तरी हात अडखळतो.