मदत हवी आहे: कॅज्युअल्टीतल्या नोंदींवरून हिंसाचाराचा अभ्यास

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. प्रबंधाचा विषय आहे, हिंसाचाराकडे साथीच्या रोगासारखं बघून तो रोखता येतो का. एका मुद्द्यावर गाडं अडलंय, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

यावरचं बरंचसं लिखाण अमेरिकेतल्या बंदुकांबद्दल आहे. तिथे १९९६ च्या डिकी दुरुस्ती नावाच्या कायद्यातल्या तरतुदीने सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायला मनाई केली. संशोधनावर थेट बंदी नव्हती, तरी धास्तीने ते वीसेक वर्षं जवळपास ठप्प झालं. २०२० च्या अर्थसंकल्पात या संशोधनासाठी सीडीसी आणि एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) यांना मिळून अडीच कोटी डॉलर मिळाले. इतकी वर्षं वाया गेली याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या येतात, पण पुण्यात जास्त बोलबाला कोयत्याचा. म्हणून मला वेल्समधलं कार्डिफ मॉडेल जवळचं वाटलं. जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं की टाके घालायला येणाऱ्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग दवाखान्यात प्रत्येकाला विचारायला लागले: कुठे झालं, कधी, कशाने मारलं? नावं काढून ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाते. कुठला पब, कुठला रस्ता हे कळलं की गस्त तिथे लावता येते.

आता माझी अडचण. एका रुग्णालयात जुनं रजिस्टर नावं झाकून बघायला मिळालं. जागेच्या रकान्यात नुसतं 'हडपसर'. गाडीतळ की ससाणेनगर, काही पत्ता नाही. हत्यार म्हणजे 'धारदार वस्तू'. एका ठिकाणी कारण 'काचेवर पडून' आणि जखम मात्र करंगळीच्या बाजूने कोपराखाली, वार अडवायला हात आडवा धरला की होते तशी. मारहाण म्हटलं की एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) होणार, पोलीस येणार, म्हणून पोरं पडल्याचंच सांगतात. तिकडे पोलिसांना कळत नाही ते दवाखान्यात कळतं. इकडे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातही कळत नाही.

एमएलसीपासून वेगळा, बिननावाचा कागद ठेवला तर? पण त्यावर 'कोयता' आणि केसपेपरवर 'पडून' असं आलं, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांवर कायद्याने काय जबाबदारी येते? एथिक्स कमिटी हे पहिल्यांदा विचारणार. सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) म्हणून काम केलेल्यांनी किंवा वकील मंडळींनी सांगावं.

आणि कॅज्युअल्टीतल्या सिस्टर, मामा मंडळींना एक विचारायचंय. पत्ता विचारला की लोक गप्प होतात. 'जवळ कुठलं दुकान, कुठला चौक?' असं विचारलं तर बोलतात का? हा प्रश्न कोणी विचारायचा, टाके पडण्याआधी की नंतर, पोराचे मित्र बाहेर गेल्यावर का?

इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.