शेततळ्यात काटेरी काळा मासा, जाळं फाडतोय. उपाय सांगा, घाई आहे

बांधावरचा: नमस्कार मंडळी. तळ्यात रोहू-कटला सोडलेत. काल जाळं ओढलं तर निम्मा माल हाच. काळा, अंगावर ठिपके, पाठ दगडासारखी, तोंड खालच्या बाजूला. काटे असे गुंतले की ब्लेडनं जाळं कापावं लागलं. कोरं जाळं होतं. कुठलं औषध टाकू? परवा व्यापारी येणार आहे.

तळेकर: तळं केवढं? प्लॅस्टिकचा कागद टाकलाय की मातीचं? पाणी कुठून घेता? फोटो टाका.

बांधावरचा: फोटो चढत नाहीये, रेंज नाही. औषधाचं नाव सांगा फक्त.

साधासोपा: ब्लिचिंग पावडर मारा. एका रात्रीत साफ.

तळेकर: साफ म्हणजे रोहू-कटला पण साफ. पांढरी पोटं वर करून तरंगतील आणि परवा व्यापाऱ्याला तेच दाखवायचं. काहीही सांगू नका हो.

विहीरवाला: तळ्यात गप्पी मासे सोडा, डास अजिबात होत नाहीत. आमच्या विहिरीत आहेत.

तळेकर: डासांचं कोणी विचारलंय?

पेंडवाले काका: मोहाची पेंड. एकरी हजार किलो. भिजवून तळभर पसरा. पेंडीचं नंतर खत होतं, म्हणजे पैसे वाया नाहीत. वीस वर्षं हेच करतोय.

तळेकर: काका, पेंड बीज सोडायच्या आधी, नको ते मासे काढायला. यांच्या तळ्यात विकायचा माल पोहतोय. वर्णन सकरचं आहे. ॲक्वेरियमवाले काच साफ करायला देतात तो. दुकानात दोन-तीन इंची, मोकळ्या पाण्यात हातभर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पाण्यात प्राणवायू कमी पडला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो, त्यामुळे गढूळ, सडक्या पाण्यातही टिकतो. पाठीवर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, कल्ल्याजवळचे काटे ताठ करून अडकवून ठेवतो. जाळं त्यामुळेच फाटलं.

पेंडवाले काका: तुम्ही पुस्तकातलं सांगताय. मी तळ्यातलं सांगतोय.

मुठाकाठी: अरे सकर! गरीब जीव आहे हो. आमचा डब्बू सहा वर्षं होता. रात्री काचेला चिकटून शेवाळ खरवडायचा, खोलीत आवाज यायचा. टाकी पुरेना म्हणून शेवटी मुठेत सोडला. मारून टाकण्यापेक्षा बरं ना?

तळेकर: वा! मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत. बांधावरचा, तुम्ही पाणी उजनीचं घेत असाल तर डब्बूची नातवंडं तुमच्याकडे मुक्कामी आहेत.

मुठाकाठी: एका माशानं काय होतं? उगाच कोणाला दोषी धरायचं.

भिगवणकर: एकट्यानं नाही होत, पण ‘एकच तर आहे’ म्हणणारे पुण्यात थोडे आहेत का? आमच्याकडे जाळ्यात सकर आला की लोक शिव्या घालतात. खायला कोणी घेत नाही, फाटलेलं जाळं शिवत दिवस जातो.

सातासमुद्रापार: इथे टेक्सासात सॅन मार्कोस नदीत हीच कथा. पाणबुडे भाला घेऊन उतरतात आणि मारतात. झरा बारमाही कोमट, याला आणखी काय हवं.

विहीरवाला: मग चिलापी तरी कुठला आपला? आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आला. भिगवणला गाड्या थांबवून खाता ना तळून?

भिगवणकर: चिलापी निदान विकला जातो.

तळेकर: आणि तुमचे गप्पी पण बाहेरचेच. धागा भरकटतोय. बांधावरचा, आहात का? पाण्याचं सांगा.

बांधावरचा: रानात होतो. तळं वीस गुंठे, मातीचं. पाणी उजनीच्या बॅकवॉटरचंच. पंपाच्या पाणी ओढायच्या तोंडाला, फूटव्हॉल्व्हला, बारीक जाळी होती, सारखी चोंदायची म्हणून दोन वर्षांपूर्वी काढली. एक विचारायचं राहिलं. बांधाला पाण्याच्या रेषेखाली भोकं पडलीत. खेकड्यांची असतील?

तळेकर: हात घालून बघा. कोपरापर्यंत गेला तर खेकडा नाही. सकर काठात बीळ कोरतो, मादी आत अंडी घालते, नर राखण करत बसतो. बीळ वाढलं की बांध पाझरतो. हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं हो दादा.

बांधावरचा: मला वाटलं जाळ्याशी त्याचा काय संबंध. दोन भोकांत खांद्यापर्यंत हात गेला. एकातून चावला की घासला कळलं नाही, मनगट पॉलिशपेपरनं घासल्यासारखं झालंय.

पेंडवाले काका: पेंड टाकली असती तर एवढं झालं नसतं.

तळेकर: औषध नको. परवा रोहू-कटला विकून टाका, मग तळं पूर्ण उपसा. उपसलेलं पाणी ओढ्यात नाही, रानात द्या, पाइपाच्या तोंडाला जाळी बांधून. भोकं खोदून आतली अंडी-पिल्लं काढा, बांध ठोकून घ्या, तळ भेगा पडेपर्यंत उन्हात तापू द्या. नवं पाणी घेताना फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी, चोंदली तरी. काल पकडलेल्यांचं काय केलंत?

बांधावरचा: गड्यानं सकाळी मागच्या ओढ्यात फेकले. चौदा होते.

भिगवणकर: ओढा जातो कुठे?

बांधावरचा: उजनीतच की. पण आत्ता कोरडा आहे, नुसता चिखल. मेले असतील.

तळेकर: चिखल आहे म्हणजे ओल आहे. सकाळचे आत्ता संध्याकाळपर्यंत मरत नसतात. बॅटरी घ्या आणि जा. मिळतील तेवढे खड्ड्यात पुरा.

मुठाकाठी: जिवंत पुरायला सांगताय? कमाल आहे.

तळेकर: आधी टाळक्यात काठी घाला, मग पुरा. झालं समाधान?

बांधावरचा: जाऊन आलो. नऊ चिखलात सापडले, तोंडं उघडमीट करत होती सगळी. दोन बाभळीखालच्या डबक्यात. अकरा पुरले. उरलेले तीन दिसले नाहीत. डबक्याच्या पुढे चिखलात एक चर गेलीय, शेपटी ओढल्यासारखी, खाली धरणाच्या बाजूला. सकाळी उजेडात परत बघतो.