मुलाचा ताबा कायदा ठरवतो की तारखा?

ओवी
परवा या मंचावर एका सदस्याने लिहिले की घटस्फोट झाला की न्यायालय डोळे मिटून मूल आईच्या पदरात टाकते आणि बापाच्या हाती पोटगीच्या पावत्या उरतात. त्या लेखनाला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याचे कलम ६ एकदा वाचावे. नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि त्याच्यानंतर माता, असेच तिथे आजही छापलेले आहे. त्यातल्या ‘नंतर’चा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या अनुपस्थितीतही होतो, एवढे म्हणायलासुद्धा सर्वोच्च न्यायालयाला गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साल उजाडावे लागले. आईच्या बाजूने आहे ते इतकेच, की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ तिच्याकडे असावा. त्यापुढे कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वोपरी. यात बापावर अन्याय कुठे झाला, हे कोणी दाखवून द्यावे.

कृष्णाकाठ
मी दाखवतो. ती कलमे मला गेली सात वर्षे पाठ आहेत. मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन माहेरी गेली. माझ्या अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या ताब्याच्या अर्जावर आदेश झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, म्हणजे तुमचे ते पाच वर्षांचे कलम संपलेले होते. पण तोवर ‘मूल जिथे रुळले आहे तिथून हलवू नये’ हे कारण आयते तयार झाले होते. रुळायला अडीच वर्षे दिली कोणी? कधी वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली, कधी समुपदेशकांचा अहवाल आलेला नाही. मला मिळाले महिन्यातले दोन शनिवार, तेही न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, दोन-दोन तास. पहिल्या भेटीत मुलीने मला ‘काका’ म्हटले. यात अन्याय कुठे, ते आता आपणच शोधावे.

म्हापशेकर
दुःख समजते, परंतु एकाच्या अनुभवावरून कायदा मोजता येत नाही. आमच्या गोव्यातले रोक्सान शर्मा प्रकरण घ्या. तिथे तान्हे मूल बापाकडे होते, खालच्या न्यायालयाने आईला दिलेला ताबा उच्च न्यायालयाने फिरवला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल पुन्हा आईकडे दिले. इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते, तिची नालायकी बापाने सिद्ध करायची असते, असे त्या निकालात स्पष्ट आहे. शिवाय रुळलेले मूल कधीच हलवत नाहीत, हेही खरे नाही. २०१७ च्या विवेक सिंह प्रकरणात आठ वर्षांची मुलगी बापाकडे वाढलेली असूनही ताबा आईला मिळाला.

कृष्णाकाठ
वकीलसाहेब, आपण माझेच म्हणणे मांडलेत, आभारी आहे. मूल आईकडे रुळले तर हलवायचे नाही आणि बापाकडे रुळले तरी हलवायचे.

ओवी
एक प्रश्न विचारू का? बाप ताबा मागतो तेव्हा मुलाचा डबा, अभ्यास, रात्रीचा ताप कोण पाहणार असते? प्रतिज्ञापत्रात ‘माझी आई घरी असते’ हे वाक्य हमखास सापडते. ताबा मागायचा बापाने आणि राबायचे म्हातारीने.

पेठेतली आजी
म्हातारी येथे उपस्थित आहे. नातवाला पहिल्या दिवसापासून मी न्हाऊमाखू घातले, त्याची बाराखडी मी गिरवून घेतली, आणि निकालात माझा उल्लेख एका ओळीत, ‘आजीचे वय पाहता’ असा. माझी सून सकाळी आठला घर सोडत असे, त्याबद्दल तक्रार नाही, नोकरी होती. आज तो मुलगा तिच्याकडे आहे म्हणजे प्रत्यक्षात माझ्या विहीणबाईंकडे आहे. लढाई दोन आज्यांची आहे आणि दोघींपैकी एकीलाही न्यायालयाने खुर्ची दिलेली नाही.

ओवी
आजी, आपल्याला उद्देशून नव्हते.

पेठेतली आजी
मग कोणाला उद्देशून होते? ‘राबायचे म्हातारीने’ हे आपणच लिहिले आहे. आम्हाला मोलकरीण ठरवायची घाई करू नये.

म्हापशेकर
आजींचा मुद्दा अस्थानी नाही. कायद्यांतील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल दोन्ही पालकांकडे राहण्याची, शिफारस केली, त्याच अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार आहे.

पेठेतली आजी
२०१५ मध्ये नातू तीन वर्षांचा होता. आता त्याला मिसरूड फुटले असेल. असेल म्हणते, कारण पाहिलेले नाही.

ओवी
आजी, ते वाक्य मी मागे घेते. कृष्णाकाठ यांच्याबाबत इतकेच मान्य करीन की घोळ तारखांचा आहे, आणि तारखांचा फायदा मूल ज्याच्या घरी असेल त्याला होतो, मग ते घर आईचे असो वा बापाचे. कलमांना दोष देणे मला अजूनही पटत नाही.

कृष्णाकाठ
मोठी कृपा. पुढील महिन्यात न्यायाधीश मुलीला आपल्या दालनात बोलावून तिची इच्छा विचारणार आहेत. ती आता साडेदहा वर्षांची आहे, आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ सांगते की समज आलेल्या मुलाचे मत विचारात घेता येते. ती काय सांगेल हे मला माहीत आहे. महिन्याला चार तास भेटणाऱ्या माणसाकडे राहायला कोण जाईल? त्या दिवशी ‘पाहा, मुलीचीच इच्छा होती’ असे लिहायला आपण याल, म्हणून धागा बंद करू नये, ही विनंती.