मदत हवी आहे : एमटीपी (कायदेशीर गर्भपात) करायला डॉक्टरने तत्त्वतः नकार दिला तर कायदा पाठीशी असतो का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. हा पहिलाच धागा, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. घर सांगलीकडचं, जैन. पण घरचे काय म्हणतील, अशी भानगड नाही. माझं नाव एमटीपीच्या यादीत लागतं हे आई-पप्पांना ठाऊकही नाही. मलाच ते जमत नाही. बाळंतपणं करायची हौस म्हणून ही शाखा घेतली, आणि ती हौस अजून टिकून आहे.

मिस्ड अबॉर्शन (गर्भ पोटातच गेलेला), अर्धवट गर्भपात, एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) यांत मला काहीच अडचण नाही, रात्री तीनला उठवा. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियाही करते. अडतं ते एवढ्याच ठिकाणी, की आईच्या जिवाला धोका नाही, गर्भात दोष नाही, आणि गर्भपात करायचा आहे.

युनिटच्या मॅडमना भीतभीत विचारलं. "मग रेडिऑलॉजी घ्यायची होतीस," एवढंच उत्तर मिळालं. एक सिनियर म्हणतो, राज्यघटनेत कलम २५ आहे, बिनधास्त लिहून दे. दुसरा म्हणतो, लिहून दिलंस की रजिस्ट्रेशन गेलंच समज.

मला कळत नाहीये ते असं : आपल्या कायद्यात अशा नकाराची सोय आहे का? असेल किंवा नसेल, लेखी द्यावं की तोंडी? आणि पीजीनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष आहे, तेव्हा एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात मी एकटीच स्त्रीरोगतज्ज्ञ असले तर?

गर्भपात बरोबर की चूक हा वाद कृपया इथे नको.

अर्धी_भाकर

रेडिऑलॉजीत गेला असता तर रोज पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) फॉर्म एफ भरत बसला असता. सुटका कुठेच नाही. बाकी चालू द्या, वाचतोय.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस बघतो. दोन्ही सिनियर अर्धं अर्धं बरोबर सांगतायत. दुसऱ्याचं अर्धं जरा जास्त बरोबर.

१९७१ च्या एमटीपी कायद्यात सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याचं कलम नाही. २०२१ ची दुरुस्ती झाली तेव्हाही आलं नाही. हा कायदा मुळात डॉक्टरला संरक्षण देणारा आहे. अमुक अटी पाळून गर्भपात केलात तर तुम्ही गुन्हेगार नाही, अशी त्याची रचना. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड. अमुक डॉक्टरने गर्भपात केलाच पाहिजे असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तुमच्या पहिल्या सिनियरला इथूनच धीर आला असणार.

पण आता २००२ ची आचारसंहिता उघडा. म्हणजे मेडिकल कौन्सिलचे व्यावसायिक वर्तनाचे विनियम. सातवं प्रकरण गैरवर्तनाचं आहे, त्यात ७.१५ बघा. आशय असा : वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता आणि गर्भपात यांत मदत करायला किंवा ते करायला डॉक्टरने नकार देऊ नये. अपवाद एकच, ते करण्याइतकं कौशल्य आपल्याकडे नाही असं त्याला वाटत असेल तर. परदेशात जिथे डॉक्टरला नकाराचा हक्क देतात, तिथे आपल्याकडे तो नकार गैरवर्तनाच्या यादीत टाकलाय. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते, आणि नोंदणीतून ठरावीक काळासाठी किंवा कायमचं नाव काढायचा अधिकार कौन्सिलला आहे. "लिहून दिलं की रजिस्ट्रेशन गेलं" ही मात्र अतिशयोक्ती. आधी तक्रार व्हावी लागते, मग चौकशी, तुमचं म्हणणं, सगळं.

(ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन विनियम आले होते. त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू केले. त्यामुळे कुणी २०२३ चा दाखला दिला तर त्यावर विसंबू नका.)

कलम २५ बद्दल. त्यात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, खरंच आहे. १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालय त्याच स्वातंत्र्यासाठी उभं राहिलं. पण कलमाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, अशी आहे. मुलं गप्प उभी राहिली त्यात कुणाचं काही अडलं नाही. सरकारी दवाखान्यात तुमच्या समोर बाई असते. हा फरक कोणताही न्यायाधीश पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.

कृष्णाकाठची

काका, खूप आभार. ७.१५ आम्हाला कधी शिकवल्याचं आठवत नाही! पण एक शंका. त्यात "वैद्यकीय कारण असताना" असं आहे. गर्भनिरोधक साधन फसलं म्हणून आलेली निरोगी बाई असेल तर त्याला वैद्यकीय कारण म्हणायचं का?

कोर्टाची_पायरी

हा युक्तिवाद करता येईल, आणि मी तुमचा वकील असतो तर केलाही असता. पण त्यावर भिस्त ठेवू नका. एमटीपी कायद्याच्या कलम ३ चं पहिलं स्पष्टीकरण वाचा. साधन फसून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप हा मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येतो. २०२१ पासून तिथे "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" जाऊन "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" आलं. म्हणजे ज्याला तुम्ही वैद्यकीय कारण नाही म्हणताय, त्याला कायद्यानेच आरोग्याच्या खात्यात घातलंय. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबाबत तर इजा गृहीत धरलीच जाते.

जुनी_लेबररूम

मी तीस वर्षं प्रसूती विभागात काढली, आता निवृत्त. मॅडमचं उत्तर तुला लागलं असेल, पण ते रागाचं असेलच असं नाही. यादी रोज तीच, हात कमी झाले की बोजा दुसऱ्या मुलीवर पडतो. तू विचारलंस हे बरं केलंस. आमच्या काळी काही जणी यादीच्या दिवशी नेमक्या आजारी पडायच्या!

पण बाळ, तुझी रेघ तू म्हणतेस तितकी सरळ नाही. ही केस घे. १७ आठवडे, गर्भजलाची पिशवी फुटली आहे, पाणी गेलंय, ताप चढतोय, आणि गर्भाचे ठोके लागतायत. तुझ्या यादीत ही कुठे बसते? २०१२ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये गॉलवेला हेच झालं. सविता हलप्पनवार, बेळगावची, स्वतः दंतवैद्य. गर्भपात व्हायला लागलेला, ती मागत होती, आणि ठोके आहेत म्हणून थांबून राहिले. सेप्सिसने (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने) गेली. तिथे कायद्याचीच आडकाठी होती, डॉक्टरच्या विवेकाची नव्हे, मान्य. पण टेबलापाशी उभं राहिल्यावर दोन्हींचा परिणाम एकच होतो. आपल्याकडे कलम ५ आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीचं असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरच्या मताची वाट बघायची नाही.

कृष्णाकाठची

मॅडम, ती केस मी करणार. ठोके असले तरी. त्यात माझ्या मनात काही दुमत नाही.

जुनी_लेबररूम

मग पत्रात हेच पहिलं वाक्य असू दे.

वसईची_सिस्टर

सॉरी, उशिरा आले. मी मूळची वसईची, आता स्कॉटलंडमध्ये मिडवाइफ (बाळंतपण करणारी परिचारिका) आहे. इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. १९६७ च्या अबॉर्शन ॲक्टचं कलम ४ : सदसद्विवेकाचा आक्षेप असेल तर गर्भपाताच्या उपचारात सहभागी व्हायची सक्ती कुणावर नाही. पण जीव वाचवायचा असेल, किंवा गंभीर कायमची इजा टाळायची असेल, तर ही सूट नाही.

हे ऐकून हुरळून जाऊ नकोस. ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलमधल्या दोन कॅथलिक मिडवाइफ कोर्टात गेल्या होत्या. त्या लेबर वॉर्डच्या को-ऑर्डिनेटर. प्रत्यक्ष काम तर आम्ही करत नाहीच, पण करणाऱ्या सिस्टरवर देखरेख ठेवणं, ड्यूटी लावणं हेही नको, असं त्यांचं म्हणणं. खालच्या पायरीवर हरल्या, अपिलात जिंकल्या, आणि डिसेंबर २०१४ मध्ये यूकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. कोर्ट म्हणालं, सूट आहे ती हाताने करायच्या कामाला. देखरेख, ड्यूटी लावणं, यांना नाही. त्याआधी १९८८ मध्ये एका डॉक्टरच्या सेक्रेटरीने गर्भपाताचं रेफरलचं पत्र टाइप करायला नकार दिला होता, तीही हरली.

मी स्वतः कॅथलिक आहे आणि मीही ही सूट घेतली आहे, म्हणून सांगते. आमच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे : आक्षेप असेल तर सहकाऱ्यांना, मॅनेजरला आणि पेशंटला सांगा, आणि तिची काळजी घ्यायला दुसऱ्या योग्य माणसाची व्यवस्था करा. मी हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. ड्यूटीवर आल्यावर, पेशंट समोर असताना, कधीच नाही. आणि गर्भपातानंतर रक्तस्राव झाला, बाईला ताप आला, तर मी तिची सिस्टर आहे. तिथे तुझं-माझं नाही.

एसटीने_प्रवास

मी आरोग्य कार्यकर्ती आहे, डॉक्टर नाही. कृष्णाकाठची ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर सगळे पटकन पुढे गेले. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

कॉलेजात तुम्ही नाही म्हणालात तर शेजारची जेआर (ज्युनियर रेसिडेंट) करेल. उपजिल्हा रुग्णालयात तुम्ही नाही म्हणालात तर त्या तालुक्यातल्या बाईला फुकटचा दवाखाना उरतो कुठे? ती पहिल्यांदा येते तेव्हाच उशीर झालेला असतो. मजुरी बुडवून आलेली असते, घरी काहीतरी थाप मारून. "पुढच्या मंगळवारी दुसऱ्या डॉक्टर येतील" म्हटलं की पुढच्या मंगळवारी ती येतेच असं नाही. आठवडे मात्र थांबत नाहीत. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांवर भागतं. बारा ओलांडले की साध्या एमबीबीएस मेडिकल ऑफिसरला करता येत नाही. वीस ओलांडले की दोन डॉक्टरांची मतं. शेवटी ती जाते कुठे, हे लेबर रूमवाल्या मॅडमना विचारा, सेप्टिक होऊन परत आलेल्या बायका त्यांनी बघितल्या असतील. आधीच नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवतात, जी कायद्याला लागतच नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात, डॉक्टरांनी कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत, हेही सांगितलंय.

इटलीत १९७८ च्या कायद्याने नकाराचा हक्क दिला आणि तिथे साठ टक्क्यांच्या आसपास स्त्रीरोगतज्ज्ञ नकारवाले आहेत. काही भागांत बायकांना दुसऱ्या शहरात जावं लागतं. हक्क एकेकीचा असतो, पण त्याची बेरीज होते.

तुम्हाला दुखवायचं नाही. तुम्ही निदान विचारताय तरी.

कृष्णाकाठची

नाही, दुखवलं नाहीत. खरं सांगायचं तर हे मी टाळत होते. बाँडच्या वर्षी जागा निवडायची संधी मिळाली तर जिथे आणखी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत अशीच जागा मागेन, मग ती घरापासून लांब असली तरी. आणि नाहीच मिळाली तर?

एसटीने_प्रवास

तर रुजू व्हायच्या दिवशीच अधीक्षकांना विचारा, इथला मेडिकल ऑफिसर एमटीपीचं प्रशिक्षण घेतलेला आहे का. २५ केसेसमध्ये मदत आणि त्यातल्या ५ स्वतः केल्या असतील तर १२ आठवड्यांपर्यंत तो करू शकतो. बहुतेक बायका त्याच आत असतात. नसेल तर त्याला पाठवा म्हणून मागे लागा. तोवर काय करायचं हे मी नाही सांगू शकत.

जुनी_लेबररूम

मी सांगते. तोवर तू करायचं. नाहीतर ती जागा घ्यायची नाही.

अर्धी_भाकर

+१. धागा भारी चाललाय. एरवी अशा विषयावर तिसऱ्या प्रतिसादात शिवीगाळ सुरू होते.

कोर्टाची_पायरी

पत्राबद्दल राहिलं. लेखी द्या, पण "मी नकार देते" असं नाही. विनंती करा. आपत्कालीन सगळं काम करेन, गर्भपातानंतरची गुंतागुंत सांभाळेन, यादीतल्या ऐच्छिक केसेसऐवजी तेवढ्याच तासांचं दुसरं काम द्यावं. आणि बदली डॉक्टर नसेल तेव्हा कोणत्याही पेशंटला परत पाठवणार नाही, हे वाक्य असलंच पाहिजे, कारण उद्या तक्रार झाली तर तेच तुम्हाला वाचवेल. धर्माचा उल्लेख करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ७.१५ मध्ये "केवळ धार्मिक कारणावरून" हे शब्द आहेत, एवढं लक्षात असू द्या. विभागात आवक नोंद करून प्रत ठेवा. मान्य करायचं बंधन त्यांच्यावर नाही. आणि कोणत्याही पेशंटचं नाव किंवा तपशील पत्रात नको, इथेही नको. कलम ५-अ खाली तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद.

शिवाय, एकदा पेशंट तुमच्या नावावर दाखल झाली की पुरेशी सूचना न देता सोडता येत नाही. जे काही सांगायचं ते यादी लागायच्या आधी.

कृष्णाकाठची

आज रात्री मसुदा करते. लॉगबुकचं काय? परीक्षेला त्या केसेस लागणार.

जुनी_लेबररूम

गर्भाशय रिकामं करायचं कौशल्य मिस्ड आणि अर्धवट गर्भपातांवर तुझ्या हाताला बसेल, एमव्हीए (हाताच्या पंपाने) असो नाहीतर मशीनचं सक्शन, तंत्र तेच. त्या केसेस भरपूर घे, दुसऱ्यांच्याही मागून घे. फॉर्म सी (संमतीपत्र), समुपदेशन, कायदा हे सगळं मात्र शीक, तोंडी परीक्षेत विचारतातच. आणि पत्र द्यायच्या आधी मॅडमशी बोल. ओपीडी संपल्यावर, त्या चहा घेत असतील तेव्हा. राउंडच्या आधी अजिबात नको.