मदत हवी आहे: आयेल्ट्स (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) झाली, पण रिसर्च पेपर वाचता येत नाहीयेत. ॲकॅडमिक इंग्लिशची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता दिवस कमी उरलेत म्हणून लिहितेय. शाळा पूर्ण मराठीतून झाली, पदवीला पुस्तकं इंग्रजी होती पण शिकवायचे मराठीत आणि परीक्षेला नोट्स पाठ करून भागायचं. आता पर्यावरणशास्त्रात मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, सगळं इंग्रजीतून, पाच महिन्यांनी सुरू होईल. आयेल्ट्सला ओव्हरऑल साडेसहा आले, रायटिंगला सहा, म्हणजे अट पूर्ण झाली. घरच्यांच्या मते इंग्लिशचा विषय संपला. मलाही दोनेक दिवस तसंच वाटत होतं.

मग विभागाकडून आधी वाचून या म्हणून पाच पेपर आले. पहिलाच १४ पानांचा, त्याला मला चार दिवस लागले. पद्धत माझी तीच जुनी, पेन्सिल घ्यायची, अडलेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघायचा आणि वर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहायचा. चौथ्या दिवशी अर्धा पेपर मराठी झाला होता आणि लेखक नक्की म्हणतोय काय ते मला दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. शब्द कळतात, एकेक वाक्यही कळतं बहुतेक, पण पान उलटलं की मागचं सगळं पुसलेलं.

तरी हट्टाने २०० शब्दांचा सारांश लिहिला आणि ओळखीतल्या एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी दोनच ठिकाणी खुणा केल्या. एक म्हणजे पेपरात होतं की काठावरची झाडी गेल्यामुळे ओढ्याच्या पाण्याचं तापमान वाढलं असावं असं आकडे 'सजेस्ट' करतात, आणि मी लिहिलं होतं की संशोधकांनी हे सिद्ध केलं. सर म्हणाले, "हे त्यांनी म्हटलेलंच नाहीये." दुसरी खूण जास्त लागली. तीन वाक्यं मूळ पेपरातलीच होती, मी फक्त समानार्थी शब्द घातले होते आणि कर्तरीचं कर्मणी केलं होतं. मला खरंच वाटत होतं की यालाच पॅराफ्रेझ, म्हणजे स्वतःच्या शब्दांत मांडणं, म्हणतात! ते म्हणाले, तिकडे असं दिलंस तर प्लेजरिझममध्ये, म्हणजे लेखनचोरीत, धरतील.

तेव्हा लक्षात आलं की आयेल्ट्सचा अभ्यास वेगळा आणि हे वेगळं. आयेल्ट्सच्या टास्क टू मध्ये, म्हणजे निबंधात, ४० मिनिटांत २५० शब्द लिहायचे, स्वतःचं मत ठोकून द्यायचं, उदाहरण मनाने घातलं तरी कुणी विचारत नाही. इथे प्रत्येक वाक्याला कुणी म्हटलं, कुठे म्हटलं, ते लागतं.

तर माझं म्हणणं असं की वाचायची ही पद्धत सोडून दुसरी कोणती धरू, आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हणजे करायचं काय, कारण स्वतःचे इंग्रजी शब्द माझ्याकडे आहेतच किती. कृपया ग्रामरच्या पुस्तकांची नावं देऊ नका, घरात तीन आहेत, तिन्हींची पहिली तीस पानं अगदी पाठ आहेत.

— कोरी वही

प्रतिसाद: शेवटचा बाक

ताई, पेपर म्हणजे काही गोष्टीचं पुस्तक नाही, पहिल्या ओळीपासून वाचायची सक्ती कुणी केलीय? मी असेच दोन सेमिस्टर फुकट घालवलेत म्हणून सांगतो. आधी अब्स्ट्रॅक्ट (सुरुवातीचा छोटा सारांश), मग इंट्रोचा शेवटचा पॅरा, मग आकृत्या आणि तक्ते त्यांच्या खालच्या ओळींसकट, मग डिस्कशनची (निष्कर्षांच्या चर्चेची) सुरुवात. इथे थांबा आणि हा पेपर आपल्याला हवाय का ते ठरवा. मेथड्स (काम कसं केलं तो भाग) सगळ्यात शेवटी.

इंट्रोचा एक साचा असतो, जॉन स्वेल्स नावाच्या भाषातज्ज्ञांनी १९९० मध्ये तो नीट मांडला. आधी विषय किती महत्त्वाचा ते, मग आत्तापर्यंतच्या कामात कुठे भोक राहिलंय ते, मग आम्ही ते कसं बुजवतोय ते. ते भोक बहुतेक वेळा 'हाऊएव्हर' किंवा 'लिटल इज नोन' च्या आसपास सापडतं. पेन्सिल तिथे चालवा, बाकी पान कोरं राहिलं तरी चालेल.

शब्दांचं म्हणाल तर सगळे शब्द सारख्या किमतीचे नसतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट नेटवर फुकट मिळते, ५७० शब्दकुटुंबं (एकाच मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक) आहेत आणि विषय कुठलाही असला तरी ॲकॅडमिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यातले निघतात. तिचे दहा भाग आहेत, पहिल्या भागातले ६० सर्वात जास्त येणारे, तिथून सुरू करा. तुमच्या विषयाचे शब्द तुम्ही शिकालच, ते दर पानावर भेटतात. खरा दगा ओळखीचे शब्द देतात. 'लिटरेचर' म्हणजे कथाकविता नाही तर त्या विषयावर आधी झालेलं काम, आणि आकडेवारीत 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं नव्हे, तर खरा फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती, एवढंच.

आता ते 'सिद्ध केलं'चं. मराठीत आपण रोज हे करतो हो. पाऊस पडला, पाऊस पडला असावा, पडला असेल, पडला म्हणे. या चारांत कुणी गल्लत करतं का? इंग्रजीत तेच काम 'मे', 'सजेस्ट', 'अपिअर', 'लाइकली' करतात. वाचताना क्रियापदाच्या जागी फक्त एवढंच समासात लिहा, 'आहे' की 'असावं' की 'म्हणे'. बाकी अर्थ नाही लिहिलात तरी चालेल. 'शो', 'सजेस्ट', 'आर्ग्यू', 'क्लेम' यांची वजनं वेगवेगळी आहेत, आणि 'प्रूव्ह' गणिताबाहेर जपून वापरा.

पॅराफ्रेझसाठी पेपर उघडा ठेवून लिहायचंच नाही. बंद करा, कुणाला तरी मराठीत सांगा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि ते ऐकून साध्या इंग्रजीत लिहा. मग पेपर उघडून आकडे आणि 'असावं' तपासा. आणि हो, शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा आहे, सायटेशन, म्हणजे मूळ पेपरचा उल्लेख, लागणारच.

प्रतिसाद: अर्धविराम

बाकदादा, बाकी सगळं पटलं पण मराठीत सांगून मग इंग्रजी, हे मला नाही पटत. मी तेच करायचे आणि माझी वाक्यं आगगाडीसारखी व्हायची, आधी सगळे 'जे जे' आणि क्रियापद पार शेवटच्या डब्यात. कर्ता आणि क्रियापद जवळ ठेवायची सवय इंग्रजीतच विचार केला तर लागते, पहिले दोन महिने अगदी लहान मुलासारखी वाक्यं झाली तरी होऊ देत.

मला उपयोग झाला तो मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲकॅडमिक फ्रेझबँकचा (तयार वाक्यरचनांचा संग्रह), तोही नेटवर फुकट आहे. मर्यादा कशी सांगायची, दुसऱ्याशी असहमती कशी दाखवायची, त्याचे तयार सांगाडे त्यात आहेत. सांगाडा घेतला तर चोरी नाही, मांस मात्र आपलं हवं.

आणि 'द'. मराठीत आर्टिकल्स नाहीत त्यामुळे आपल्या सगळ्यांचं तिथे घोडं अडतं. छापील लेखातला एक पॅरा घ्या, त्यातले 'अ', 'ॲन', 'द' सगळे खोडा, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि मूळाशी ताडून बघा. नियम वाचण्यापेक्षा याने पटकन कळतं.

प्रतिसाद: शेवटचा बाक

मराठीत *सांगा* म्हटलं, भाषांतर करा नाही म्हटलं. समजलंय की नाही ते आधी कळायला नको का? इंग्रजीत न समजताही छान वाक्यं लिहिता येतात, मी लिहिलीत.

प्रतिसाद: अर्धविराम

हे मात्र खरंय 😀

प्रतिसाद: कोरी वही

दोघांनाही खूप धन्यवाद. दुसरा पेपर बाकदादांच्या क्रमाने वाचला. 'हाऊएव्हर' इंट्रोच्या तिसऱ्या पॅऱ्यात सापडला, अगदी पॅऱ्याच्या तोंडाशीच. दीड तासात एवढं झालं, मग लहान भावाला पकडून मराठीत सांगायला बसले. त्याने मध्येच विचारलं, "पण यांनी पाणी मोजलं कधी? उन्हाळ्यात की पावसाळ्यात?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. म्हणून मेथड्स उघडलं, आणि पहिल्यांदाच ते वाचताना झोप आली नाही कारण काहीतरी शोधत होते.

सारांश १२० शब्दांचाच झाला, वाक्यं बाळबोध आहेत, पण सगळे 'असावं' जागेवर आहेत. सरांना अजून दाखवला नाहीये.

अर्धविराम ताई, 'द'चा खेळपण केला. २३ पैकी ११ बरोबर. हे ठीक आहे की रडू?

प्रतिसाद: अर्धविराम

माझे पहिल्यांदा ८ आले होते. उद्या त्याच लेखातला पुढचा पॅरा घे.